लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. जमेल का? फेलोशिपला अडचण येईल का?

जमेल. मीही तसाच आहे आणि पीएच.डी.च्या पाचव्या वर्षात आहे.

तुमचा प्रश्न वाचून एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. ग्लायसिन या अमिनो आम्लाचं फॉर्मॉल टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब अल्कली टाकून ते किती आहे ते मोजायचं; रंग बदलून दाखवणारा इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलिन. फिकट गुलाबी आला की थांबायचं. माझ्यासाठी तो फिकट गुलाबी आणि साधं पाणी सारखंच. मला काहीतरी दिसेपर्यंत फ्लास्कमध्ये राणी कलर झाला होता. एक्स्टर्नल म्हणाले, "अरे, बायकोला साडी कशी घेणार तू? बँकेच्या परीक्षा दे." सगळी बॅच हसली. मीपण हसलो, त्याचा राग अजून आहे.

त्याच ओट्यावर दोन हातांवर पीएच मीटर होता. हेच टायट्रेशन त्यावर होतं, उलट जास्त अचूक होतं. मग परीक्षा अमिनो आम्लाची होती की माझ्या डोळ्यांची? ब्रॅडफर्ड या प्रथिनं मोजायच्या चाचणीतही निळा किती गडद झाला ते कोण बघतं? यंत्रात ५९५ नॅनोमीटरवर आकडा येतो, तो लिहायचा.

आमच्या लॅबमध्ये खरी पंचाईत पेशींच्या मीडियात, म्हणजे त्या वाढवायच्या पोषक द्रवात, झाली. त्यातलं फिनॉल रेड हे इंडिकेटर पिवळं पडलं की मीडिया बदलायचा, आणि मला ते दिसेना. आता मी रंगाकडे बघतच नाही, तारीख लिहितो आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मायक्रोस्कोपीच्या चित्रांत लाल-हिरव्याऐवजी मॅजेंटा आणि हिरवा घ्या. दोन्ही जुळतात तिथे पांढरं दिसतं. गाईड आधी म्हणाले, "तुझ्या एकट्यासाठी?" मी म्हटलं, पेपर तपासणारा माझ्यासारखा निघाला तर?

डाल्टन, तोच अणूवाला, त्यालाही हे होतं. १७९४ साली त्याने स्वतःवरच निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळा असेल असं त्याला वाटायचं. मेल्यावर डोळा कापून बघितला तर द्रव स्वच्छ. १९९५ साली त्या जपून ठेवलेल्या डोळ्याच्या डीएनएवरून खरं कारण कळलं. त्याला कुणी बँकेत पाठवलं नाही.

फेलोशिपचं म्हणाल तर, मला तरी कुणी विचारलं नाही. पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही, त्यामुळे त्या कोट्याची आशा धरू नका. सरकारी नोकरीच्या मेडिकलचं वेगळं, जाहिरात नीट वाचा. आणि गाईडला पहिल्याच आठवड्यात सांगा. मी आठ महिने लपवलं, त्यात तीन फ्लास्क पेशी मेल्या.

साड्या बायको स्वतःच घेते.