संघ कोण निवडणार : कोच, अध्यक्ष की देणगीदार?

प्रश्न : आमचा फुटबॉल क्लब सिडकोतला. यंदा एका देणगीदाराने हंगामासाठी ६ लाख रुपये दिले आहेत, त्यातून बाहेरचे पाच खेळाडू घ्यायचं ठरलं आहे. कोच म्हणतात, नावं मी देतो, तुम्ही पैसे द्या. अध्यक्ष म्हणतात, पैसे आम्ही आणले, नावंही आम्हीच ठरवणार. कोणाचं बरोबर?
— एक कार्यकारिणी सदस्य, नाशिक

उत्तर : दोघांचं अर्धं-अर्धं. कोणती जागा भरायची हे कोचने सांगायचं. ती कोण भरेल हे शोधणं तिसऱ्याच माणसाचं काम. पैसे किती, हे कार्यकारिणीचं. पण कोच ‘नको’ म्हणाला तर तो शब्द शेवटचा. ज्याला तो उतरवणारच नाही, त्याला घेणं म्हणजे देणगीदाराचे पैसे बाकावर बसवणं.

नावं कोचवर सोडायची नाहीत ती त्याच्या ओळखीचे खेळाडू वाईट असतात म्हणून नव्हे. आपल्याकडे कोच एक-दोन हंगामांत बदलतो. त्याच्या शब्दावर आलेले पाच जण त्याच्याबरोबरच निघतात आणि ऐन लीगमध्ये निम्मा संघ उरतो. म्हणून शोधणारा माणूस क्लबाचा हवा, कोचपेक्षा जास्त टिकणारा. जुना खेळाडू असो, ज्युनियर संघ सांभाळणारा असो. तो सामने बघायला उन्हातान्हात जाणारा हवा आणि त्याचा मुलगा-पुतण्या संघात नको.

हंगामाच्या निदान सहा आठवडे आधी कोचकडून एक तक्ता भरून घ्या. २२ जण, जागेप्रमाणे : ३ गोलकीपर, ८ बचावात, ७ मधल्या फळीत, ४ पुढे. प्रत्येकापुढे वय, कोणत्या पायाचा, नोकरी किंवा कॉलेज कुठे, आणि हंगामभर मिळणार का. हा शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि तिथेच फसतात. सातपूर-अंबडला फिरत्या शिफ्टवर असलेला मुलगा दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळच्या सरावाला येणार नाही. बारावीचा मुलगा फेब्रुवारीत दिसणार नाही. हे सगळं मांडलं की कळतं, नवे पाच नकोत, दोन-तीनच हवेत. उरलेल्या जागी तुमचीच १८-१९ वर्षांची पोरं चालतात. कोचने गरज लिहायची ती नाव न घालता : ‘डावखुरा लेफ्ट-बॅक, शेवटच्या दहा मिनिटांतही परत धावणारा, उंची नसली तरी चालेल.’

मग एका जागेसाठी चार नावं काढा. प्रत्येकाला तीन सामन्यांत पाहा, त्यातला एक चिखलातला आणि एक त्याचा संघ हरत असतानाचा. दोघांनी पाहायचं आणि टिपणं लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसाचं मत दोघांचं होतं. वीस मिनिटांच्या ट्रायलवर जाऊ नका. ट्रायलमध्ये चार जणांना चकवणारा नजरेत भरतो. चेंडू येण्याआधीच योग्य जागी उभा असलेला सेंटर-बॅक, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, कोणाला दिसतच नाही.

६ लाखांतला निदान १ लाख बाजूला ठेवा. कोणाचा तरी गुडघा जाणारच. मुंबईचा मुलगा घेणार असाल तर मानधनात कसारा घाटही धरा : एकेरी सुमारे १७० किलोमीटर, रात्रीचा मुक्काम, जेवण. तरीही तो बहुधा सामन्याच्या दिवशीच उगवणार. पुढच्या फळीत हे एक वेळ खपतं. बचावात नाही, कारण समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायला बचावपटूंनी एका ओळीत सरकायचं असतं, आणि ते एकत्र सरावानेच जमतं. बाहेरचा घ्यायचाच तर स्ट्रायकर घ्या, सेंटर-बॅक गावातला ठेवा.

कागदावर सह्या चार. कोचची : मी खेळवेन. शोधणाऱ्याची : मी पाहिला आहे. खजिनदाराची : पैसे आहेत. शेवटी अध्यक्षांची, मात्र त्यांना यादीबाहेरचं नाव घुसवता येणार नाही. कोचचा नकार सात दिवसांत, कारणासह, लेखी. आला नाही तर होकार धरायचा, नाहीतर टोलवाटोलवीतच नोंदणीची मुदत संपते. हे सगळं कोचच्या नेमणूकपत्रात घाला. तोंडी ठरलेलं पहिल्या दोन पराभवांनंतर कोणालाच आठवत नाही.

प्रश्न : देणगीदारांनी भाच्याला संघात घ्यायला सांगितलं आहे. मुलगा अगदीच वाईट नाही. नाही म्हटलं तर पैसे जातील. काय करावं?
— नाव न छापण्याच्या अटीवर

उत्तर : भाच्याचं नाव पाचवं म्हणून त्याच यादीत घाला आणि तेच तीन सामने लावा. पास झाला तर प्रश्नच मिटला. देणगीदाराला जर्सीवर नाव द्या, मैदानावर फलक द्या, बक्षीस समारंभात खुर्ची द्या. पण संघातली जागा एकदा विकली की ड्रेसिंग रूममध्ये ती सगळ्यांना कळते.

वशिल्याची भरती मोठ्या क्लबांतही होते. २००८ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबाने स्पेनच्या वॅलेन्सियाचा इग्नासिओ गोन्सालेस लोनवर, म्हणजे उसना, घेतला. मॅनेजर (तिकडे कोचला हेच म्हणतात) केविन कीगन यांचा विरोध होता. खेळाडू यूट्यूबवर बघा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी राजीनामा दिला आणि प्रकरण लवादाकडे गेलं. दोन दक्षिण अमेरिकी एजंटांची मर्जी राखायला हा व्यवहार झाल्याचं तिथे उघड झालं. शेवटचा शब्द मॅनेजरचा, असं क्लब पत्रकारांना सांगत आला होता. लवादापुढे मात्र ते फक्त प्रसिद्धीसाठी होतं, असा बचाव केला. लवादाने २००९ मध्ये कीगन यांना २० लाख पौंड भरपाई दिली. नेमणूकपत्राचा आग्रह धरला तो याचसाठी.

प्रश्न : मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन सगळं स्वतः ठरवायचे आणि जिंकायचे. मग आता प्रत्येक क्लबाला भरती बघणारा वेगळा स्पोर्टिंग डायरेक्टर कशाला लागतो?
— कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : फर्ग्युसन १९८६ ते २०१३ तिथे होते. सत्तावीस वर्षं टिकणारा मॅनेजर मिळाला तर त्याच्या हाती सगळं द्यायला हरकत नाही! ते गेले तेव्हा काय झालं ते पाहा. खरेदी-विक्री सांभाळणारे डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात पायउतार झाले. नव्या माणसांनी मारुआन फेलेनीला घेतलं ते खेळाडूंच्या खरेदीची मुदत संपण्याच्या दिवशी, २ कोटी ७५ लाख पौंडांना. त्याच्या करारात २ कोटी ३५ लाखांना सोडण्याचं कलम होतं, पण ते जुलैअखेर संपलं होतं. माहिती माणसांबरोबर निघून गेली की असे ४० लाख जातात. युनायटेडने पहिला फुटबॉल डायरेक्टर नेमला तो थेट २०२१ मध्ये.

उलटं उदाहरण स्पेनच्या सेव्हिया क्लबाचं. त्यांचाच जुना गोलकीपर मोंची २००० पासून २०१७ पर्यंत भरती पाहत होता. त्या काळात संघाने युएफा चषक आणि नंतरची युरोपा लीग मिळून पाच विजेतेपदं मिळवली; दोन हुआंदे रामोस यांच्या हाताखाली, तीन उनाई एमरी यांच्या. कोच बदलले, शोधणारा टिकला.

कोचने ऐकून घेणं मात्र लागतंच. २०१७ मध्ये लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर क्लॉप यांचा कल युलियान ब्रांट या खेळाडूकडे होता, क्लबाच्या भरती विभागाने मोहम्मद सालाहचा धोशा लावला. क्लॉप तयार झाले आणि सालाहने पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३२ गोल केले. क्लॉप यांच्यावर सालाह लादला नव्हता, पटवला होता, हे विसरू नका.

प्रश्न : खेळाडू ठरला, पैसे दिले आणि नोंदणीच अडकली. चूक कुठे होते?
— देवळाली कॅम्प

उत्तर : क्रमात. आधी कागद, मग पैसे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसवर, म्हणजे ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर, खेळाडूचं आधीचं खातं आहे का, ते त्याच्यासमोर बसून तपासा. नवं खातं उघडू नका, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या की दोन्ही लटकतात. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख, नावाचं स्पेलिंग जुळवा. जुन्या क्लबाकडून मोकळीक घ्या, आणि करार चालू असेल तर खेळाडूशी बोलण्याआधी त्या क्लबाला कळवा. फिफाच्या नियमाप्रमाणे एका हंगामात नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे आणि अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर येणारा ‘मोकळा’ खेळाडू आधी कुठे-कुठे उतरला, हे विचारा. आगाऊ रक्कम नोंदणी मंजूर झाल्यावरच, आणि खात्यावर, पाकिटात नको.