यादी पाठ करू नकोस, पाट्या वाच

आकलनशास्त्र, म्हणजे मन कसं ओळखतं आणि शिकतं याचा अभ्यास, वाचायचं म्हणतोस तर त्या क्षेत्रातल्या रूमेलहार्ट पुरस्काराच्या मानकऱ्यांची अख्खी यादी पाठ करत बसू नकोस. मी तेच केलं. नावं राहिली, डोक्यात काही शिरलं नाही. २००१चा पहिला मान जेफ्री हिंटन यांचा, २००९चा सुसान कॅरी यांचा, २०१०चा जेम्स मॅक्लेलँड यांचा. सध्या एवढं पुरे.

आधी मॅक्लेलँड घे. १९८१ साली त्यांनी आणि ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार त्या खुद्द रूमेलहार्ट यांनी शब्द ओळखण्याचं एक प्रारूप मांडलं. नवी पेठेत एखादी जुनी पाटी बघ. 'चादर'मधला 'द' पार पुसट झालेला, तरी आपण अडखळत नाही. अक्षरांवरून शब्द उभा राहतो आणि तोच शब्द उलटा त्या अर्धवट अक्षराला बळ देतो. दोन्ही एकदमच चालतं. हे पटलं की पुढच्या गणिताची भीती वाटत नाही. (गणित टाळू मात्र नकोस. मी टाळलं, दोन वर्षं वाया गेली.)

कॅरी यांचं काम लहान मुलांच्या संकल्पना कशा बदलतात यावर. तुझी भाची चार वर्षांची आहे ना? तिला विचार, ढग जिवंत असतो का? उत्तरावर हसू नकोस, वहीत उतरवून ठेव.