पाखऱ्याला पोळ्यापर्यंत वेळ द्या

ताई, नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक कुत्रा घरी आणला. पाच वर्षांचा, कारवानी जातीचा. जतकडे एक म्हातारे बाबा शेतावर एकटे राहायचे, त्यांचा हा. बाबा वारले, मुलं पुण्याला, कुत्र्याला कोणी नाही असं मिस्टरांच्या मामेभावाकडून कळलं आणि आम्ही जाऊन घेऊन आलो. नाव पाखऱ्या. आल्यापासून तो डायनिंग टेबलाखाली असतो. आमच्यासमोर खात नाही, रात्री दोनला उठून खातो. शेपटी हलवत नाही. संध्याकाळी गॅलरीच्या जाळीला नाक लावून बारीक आवाजात रडतो. परवा दिवाणावर झोपला होता, मिस्टरांनी उठवायला पट्टा धरला तर गुरगुरला. घरात आमचा मुलगाही आहे. सासूबाई म्हणतात, परत पाठवा. सोसायटीतले म्हणतात, ‘काय वहिनी, खायला देत नाही का, बरगड्या दिसतात त्याच्या.’ मिस्टर म्हणाले, गुढीपाडव्यापर्यंत बघू. मी रोज टेबलाखाली त्याच्याजवळ बसते, बोलते, हाताने भरवायला बघते. तो तोंड फिरवतो. ताई, माझं काही चुकतंय, की मी त्याला आवडतच नाही?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पाखऱ्याने तुमच्याबद्दल अजून काहीच ठरवलेलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. तो सध्या बघतोय. त्याच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी सांभाळलंय.

कारवानी हा दख्खनच्या माळावरचा शिकारी कुत्रा. सांगली, सोलापूर, विजापूर, बागलकोट हा त्याचा मुलूख. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आला म्हणून कारवानी, असं सांगतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासला म्हणून मुधोळ हाउंड हेही त्याचंच नाव. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात तो होता. विदर्भात मात्र तो फारसा कोणाच्या पाहण्यात नाही, म्हणून तुमच्या सोसायटीत सगळे त्याच्याकडे वळून बघतात. हा कुत्रा वासापेक्षा डोळ्यांनी शिकार करतो. लांबवर ससा हलला की कोणाच्या हुकमाची वाट न बघता स्वतः ठरवून सुटतो. ज्याला लांबून बघून ठरवायची सवय आहे, तो परक्या घरात पहिल्या महिन्यात मांडीवर डोकं ठेवणार नाही. शेजाऱ्यांचा लॅब्रेडॉर पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, ते माप याला लावू नका.

आणि तो रडतो, ते खरंच रडणं आहे. शेतावर दिवसभर बांधलेला कुत्रा दिवेलागणीला सोडतात. मग तो मालकाबरोबर बांधावरून फेरी मारतो. पाच वर्षं त्याची संध्याकाळ बहुतेक अशीच गेली असेल. ती वेळ झाली की शरीर उठून उभं राहतं, आणि समोर पाचोळा नाही, बाबा नाहीत, गॅलरीची जाळी आहे. त्याला तेव्हा ‘अरे रडू नको’ म्हणून कवटाळू नका. तीच वेळ फिरण्याची करा. रडायला लागायच्या अर्धा तास आधी दोरी घ्या आणि खाली उतरा. रोज तीच वेळ, तोच रस्ता, पहिले काही आठवडे तेच माणूस.

मामेभावांना एक फोन आजच करा. बाबा त्याला कशी हाक मारायचे हे विचारा. नुसतं ‘पाखऱ्या’, की ‘ये रं पाखऱ्या’, की शीळ? खायला काय घालायचे? झोपायचा कुठे? आणि बाबांची घोंगडी, टॉवेल, काहीही राहिलं असेल तर पार्सलने मागवून घ्या, आणि आल्यावर धुवू नका. पुन्हा सांगते, धुवू नका. ती टेबलाखाली अंथरा. त्याच्या जगातली एक वस्तू तरी त्याच्यापाशी येऊ द्या. तुमचा मुलगा त्याला काय हाक मारतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मुलांना नवं नाव ठेवायची हौस असते. नाव बदलू नका. घर गेलं, माणूस गेला, आता उरलंय ते नावच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एक विनंती करा. आपल्याकडे दारात कुत्रं आलं की तोंडातून आपोआप ‘हाड्!’ निघतं. त्यांच्याही निघत असेल, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण पाखऱ्याला तो शब्द लहानपणापासून कळतो, आणि नव्या घरात दिवसातून चार वेळा तो कानावर पडला तर त्याने टेबलाखालून बाहेर का यावं? ‘हाड्’च्या जागी ‘सरक’ म्हणा. आणि त्यांचा हात ज्वारीच्या भाकरीवर चालत असेल तर उरलेल्या पिठाची चानकी रोज त्याच्या नावाची करा. त्यांनी ती थंड करून, टेबलाच्या कडेला टाकून, मागे न बघता निघून जायचं. बस, एवढंच. परत पाठवा म्हणणाऱ्या माणसाच्या हातूनच त्याला भाकरी मिळू लागली की दोन्हीकडचा ताण उतरतो. हे मी घरोघरी पाहिलंय.

तुम्ही हाताने भरवणं मात्र थांबवा. मला कळतं तुम्ही किती जीव लावताय. पण टेबलाखाली ती त्याची एकच लपायची जागा आहे आणि तुम्ही रोज तिथे शिरून बसता. त्याला उठून जायला वाट राहत नाही, म्हणून तो तोंड फिरवतो. कुत्र्याच्या भाषेत ते सभ्यपणे ‘नको’ म्हणणं आहे. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ताट ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. सुरुवातीला भाकरी आणि दूध, त्याला ओळखीचं असेल ते. मग दहा-बारा दिवसांत हळूहळू उकडलेलं अंडं, चिकन वाढवत न्या. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, चॉकलेट बिलकूल नाही. रविवारी सावजी मटण आणलंत तर त्यातली हाडं कोणी प्रेमाने टाकणार नाही याकडे लक्ष ठेवा. शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं आणि आतडं फाडतं.

बरगड्यांचं म्हणाल तर या जातीच्या निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतातच. सोसायटीतल्या लोकांसाठी त्याला जाड करू नका. पण वजन करून लिहून ठेवा. ते घटत असेल, तो सुस्त असेल, हिरड्या फिकट दिसत असतील तर हे सगळं मनाचं म्हणून सोडून देऊ नका. शेतावरच्या कुत्र्याला गोचिडी असायच्याच, आणि गोचीड-ताप अंगात मुरलेला असला तर कुत्रा असाच मलूल, कमी खाणारा दिसतो. या आठवड्यात रक्त तपासून घ्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, किंवा तुमच्या जवळचे डॉक्टर. रेबीजची लस झाल्याचा कागद नसेल तर झालीच नाही असं समजून तीही द्या. डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. ग्रेहाउंडसारख्या या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या रक्ताचे काही आकडे मुळातच वेगळे येतात, आणि काही भुलीची औषधं त्यांच्यात फार वेळ रेंगाळतात. पुढे कधी नसबंदी किंवा दात साफ करायची वेळ आली, तर तेव्हा हे फार कामाचं आहे.

आता गुरगुरण्याचं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला तीच वाटली, आणि मिस्टरांनीही हा भाग वाचावा.

पाखऱ्या गुरगुरला, हे चांगलं झालं. त्याने ‘थांबा’ म्हणून सांगितलं आणि चावला नाही. या सांगण्याबद्दल त्याला मार बसला किंवा कोणी अंगावर ओरडलं, तर तो सांगणं बंद करेल, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतील. शिवाय घडलं काय ते बघा. तो झोपेत होता. ही कुत्री गाढ झोपतात, कधी डोळे अर्धे उघडे ठेवूनही, त्यामुळे जागा आहे असं वाटतं. हात लागला की दचकून उठतात आणि त्या क्षणी कोण समोर आहे हे त्यांना कळत नाही. त्यात हात पट्ट्याला. पाच वर्षं पट्ट्याला हात म्हणजे आता बांधणार, हाच त्याचा अनुभव असणार. म्हणून घरात सगळ्यांसाठी एकच नियम: झोपलेल्या पाखऱ्याला कोणीही हात लावायचा नाही. चार पावलं लांबून हाक मारायची, त्याने मान वर करून बघितलं की पुढचं. दिवाणावरून उतरवायचं असेल तर भाकरीचा तुकडा खाली लांब टाका, तो स्वतः उतरेल. आणि तो दिवाणावर का जातो? या कुत्र्यांच्या कोपरांवर मांस नाही, फरशी टोचते. जुन्या सुती साड्यांची जाड गोधडी चार पदरी घालून कोपऱ्यात द्या.

मुलाला आणि त्याला एकत्र, मोठं माणूस खोलीत नसताना, अजून काही महिने सोडू नका. मुलगा गुणी असेल, पाखऱ्याही गुणी असेल, तरीही नाही.

फरशीचं अजून एक. गुळगुळीत टाइल्सवर लांब पायाचा कुत्रा घसरतो, आणि दोनदा घसरला की चालायचंच टाळतो. तो टेबलाखालून निघत नाही याचं निम्मं कारण कदाचित एवढंच असेल. टेबलापासून गॅलरीपर्यंत आणि दारापर्यंत सतरंजीची वाट करून बघा.

पट्टा तातडीने बदला. कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा तो मागे सरकून एका झटक्यात काढू शकतो. मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो, ओढ बसली की थोडा आवळणारा. तो आणि छातीचा हार्नेस, दोन्हीला दोरी, आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर. खार दिसली, मांजर दिसलं की तो सुटणार, आणि सुटलेल्या कारवान्याला रिंग रोडवर तुम्ही गाठू शकणार नाही. कधी सुटलाच तर मागे धावू नका. खाली बसा, पाठ करा, बाबांची हाक मारा. अंबाझरीच्या काठी किंवा फुटाळ्याला वर्षभर तरी मोकळं सोडायचं नाही. कोणा ओळखीच्यांचं काटोल रोडला किंवा हिंगण्याकडे तारेचं पक्कं कुंपण असलेलं शेत असेल तर महिन्यातून दोनदा तिथे न्या. तो पळताना पाहिलात की आपल्या घरी कोण आलंय हे तुम्हाला पहिल्यांदा कळेल.

होळी झाली की आपल्याकडे कूलर लागतात. खिडकीतला तो पत्र्याचा डबा एकदम घरघरला तर पाखऱ्या दोन आठवडे मागे जाईल. बाकीच्यांआधी आत्ताच लावा, तो जेवत असताना लांबच्या खोलीत मंद चालवा, मग रोज थोडा वाढवा. एप्रिलपर्यंत तोच वाळ्याच्या गारव्यात जाऊन झोपेल. दख्खनचा असला तरी आपला मे वेगळा. २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश झाले होते. फिरणं पहाटे आणि रात्री, आणि रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघून. धुळवडीला त्याला दार लावून आतल्या खोलीत ठेवा, रंग एक थेंबही नको.

पाडव्याची मुदत काढून टाका. मुदत लागली की घरातलं प्रत्येक माणूस रोज त्याची परीक्षा घेतं, आणि आज गुरगुरला, आज खाल्लं नाही याचा हिशेब सुरू होतो. मिस्टरांना म्हणावं, पोळ्यापर्यंत. मोठा कुत्रा पहिले काही दिवस नुसता भांबावलेला असतो, घराची रीत कळायला काही आठवडे जातात, आणि हे आपलं घर असं वाटायला काही महिने. दरम्यान झोप आणि पट्टा सोडून इतर वेळी, कारण नसताना, कोणाला जखम होईल असा चावला तर मात्र वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडून कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या माणसाचं नाव घ्या. पण तुमच्या पत्रातून मला तसं काही दिसत नाही.

आमच्याकडे सात वर्षांची एक कुत्री आली होती. धनी परदेशी गेलेले. ती दारातल्या चपलांच्या रॅकजवळ बसायची, आत यायचीच नाही. मी दिवस मोजले होते, एकेचाळीस. बेचाळिसाव्या दिवशी दुपारी मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते आणि पायावर काहीतरी गरम, ओलसर टेकलं. तिची हनुवटी होती. माझा जीव गळ्याशी आला. पण हात लावला नाही, मेथी निवडत राहिले. जुडी संपली तेव्हा दुसरी घेतली.

तुम्हीही संध्याकाळी फिरून आलात की गॅलरीत चहा घेऊन बसा, पाखऱ्याकडे पाठ करून. बोलू नका, बोलवू नका. तो किती पावलांवर उभा राहतो ते मनात ठेवा आणि पंधरा दिवसांनी मला लिहा. रक्ताचा रिपोर्ट आला की तोही कळवा.