दार उचलून लावायला लागतंय? आधी बिजागरी बघा

प्रश्न : नमस्कार दादा, वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, अजून रविवारी बाहेर काढतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खाली बसतंय, उचलून आपटल्याशिवाय लागत नाही. एका गॅरेजवाल्यानं खांबावरचा स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा) खाली सरकवून दिला, थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. आता दुसरा म्हणतोय बिजागरीला वेल्डिंग टाकूया. घरी काही जमेल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : वेल्डिंगवाल्याला आधी थांबवा राव, पिन आत चिकटली की ती बिजागरी कायमची गेली. आणि स्ट्रायकर सरकवणं म्हणजे दार पडलंय म्हणून लॉकला खाली बोलावणं, दार काही वर येत नाही त्यानं.

ढिलाई नेमकी कुठं आहे ते शोधा. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा आणि घरातल्या कुणाला तरी बिजागरीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. पिन आणि भोकामध्ये हालचाल जाणवली तर पिन झिजली, बिजागरीची पट्टी खांबावर हलली तर स्क्रू सैल, आणि पट्टीसकट पत्राच आत-बाहेर होत असेल तर खांब आतून गंजलाय, मग नवी पिन घालून काही उपयोग नाही, पत्र्याचं काम आधी. आपल्याकडच्या पावसात हे तिसरं बरंच सापडतं, म्हणून दाराच्या खालची पाणी जायची भोकं पण तारेनं मोकळी करून घ्या.

पिनच असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी दाराखाली जॅक, त्यावर लाकडी फळी, फळीवर जुनं गोणपाट, आणि दार जेमतेम पेललं जाईल एवढंच उचला. बिजागरी काढायची झाली तर कडेनं पेन्सिलनं खूण करा आणि एका वेळी एकच काढा, दोन्ही एकदम सोडल्या की दाराची जुनी जागा सापडता सापडत नाही. मोठे फुलीचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरनं सोडवायला गेलात तर डोकी गुळगुळीत होतात, हातोडीनं ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. पिन कुठल्या बाजूनं ठोकायची तेही बघून घ्या, काही पिनांच्या एका टोकाला बारीक दाते असतात, ते टोक ज्या बाजूला असेल तिकडूनच ती बाहेर पडते.

आता खरी गोष्ट. झिजलेलं भोक गोल राहत नाही, लांबट होतं, त्यात जुन्या मापाची नवी पिन घातली तर दार परत लटकणारच. ड्रिलनं मोठं करू नका, ड्रिल त्या लांबट भोकाच्याच मागं जातो. बिजागरी घेऊन सरळ कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, जा, छोटा लेथवाला गाठा, रीमरनं (भोक नेमक्या मापाचं गोल करायचं हत्यार) भोक अर्धा मिलिमीटर वाढवून त्या मापाची ईएन-8 पोलादाची पिन करून मागा, भोकापेक्षा साधारण 0.05 मिमी बारीक. कडेला धातू कमी उरत असेल तर भोक वाढवू नका, दुसरी बिजागरी शोधा. एवढ्याशा कामाला कोण उभं करेल असं वाटत असेल, पण कोल्हापुरात असल्या कामाला नाही म्हणणारा टर्नर मी तरी बघितला नाही.

बसवताना ग्रीस लावा, दाराच्या फटी सारख्या झाल्या की मगच स्ट्रायकरला हात लावा.

प्रश्न : अँबॅसॅडरचं बाहेरचं क्रोमचं हँडल मानेजवळ तडकलंय. पितळेचं ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधा भरणं) करून घेऊ का?
– एक वाचक, कागल

उत्तर : आधी चुंबक लावून बघा. चिकटलं नाही आणि तडकलेल्या जागी आतला धातू राखाडी दाणेदार दिसला, तर ते बहुतेक मझॅक, म्हणजे जस्ताचं ओतकाम. ते 400 अंशांच्या आतच वितळतं, ब्रेझिंगला त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे सांधा व्हायच्या आधी हँडलचा गोळा हातात येईल. मानेवर सगळा जोर येतो त्यामुळं इपॉक्सी गोंद तिथं टिकत नाही, जुन्या बाजारात दुसरं हँडल बघा. आणि दार उघडताना ते फार जोरानं ओढायला लागत असेल तर आतलं लॉक आणि त्याची दांडी साफ करून तेल द्या, नाहीतर नवं पण तिथंच तडकेल.