डोळे आखणारा हात

प्रश्न : लालबागला आमचा गणपतीचा कारखाना आहे. आमच्या कारागिरासारखे जिवंत डोळे कुणी आखत नाही, पण उचल घेतली की चार-चार दिवस गायब! आषाढ लागलाय. काय करू, ताई?

उत्तर : दादा, माझ्या वडिलांच्या परळच्या कारखान्यात हेच घडायचं. हरतालिकेच्या रात्री गिऱ्हाइकांसमोर रडवेली झालेली आई मला अजून आठवते.

त्याला काढू नका, असा हात पुन्हा मिळत नाही. उचल मात्र बंद. आखणी झाली की त्याच संध्याकाळी मूर्तीमागे रोख द्या. आखणी शेवटी येते, म्हणून सगळं त्याच्यावर अडतं. रंग वाळलेल्या मूर्ती आत्तापासूनच त्याच्यापुढे ठेवा. शेजारी एखादं पोर बसवा, आधी लहान मूर्तींवर.

आणि तो जातो कुठे, हे चहा पाजून एकट्याला विचारा. आमच्या माणसाची बायको केईएम हॉस्पिटलात होती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.