‘पक्की’ की ‘स्थिर’?

मिरजेच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: कॉलेजसाठी डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची मराठी पुस्तिका लिहितोय. तिच्या स्टेबल, टेस्टिंग आणि अनस्टेबल या शाखांना ‘पक्की’, ‘अर्धीकच्ची’ आणि ‘कच्ची’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण वाचणारा फसेल. कच्चं-पक्कं म्हटलं की आपल्या डोक्यात आधी दर्जा येतो. पक्का रस्ता चांगला, कच्चा वाईट. डेबियनमधली स्टेबल म्हणजे ‘हलत नाही ती’. एकदा जाहीर झाली की तिच्यात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात, प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या सहसा नाहीत. मेन्यूतलं एखादं वाकडं अक्षर पुढची स्टेबल येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, तसंच वाकडं राहू शकतं. चूकसुद्धा स्थिर! म्हणून माझं मत ‘स्थिर’ला.

डोळ्यांसमोर आणायचं तर सांगलीशेजारचं हरिपूर आठवा. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध होती. जमिनीखालच्या खड्ड्यात हळद भरून तोंड बंद केलं की हवा लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. स्टेबल ही अशी पेवातली. गंमत म्हणजे ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार नेमका अनस्टेबलला शोभतो, तिथे रोज नव्या पॅकेजांचं, म्हणजे बांधून दिलेल्या प्रोग्रॅमांचं, पेव फुटलेलं असतं. रोजच्या कामाला ती वापरणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ‘कच्ची’ म्हणणं अन्यायाचं. ‘अस्थिर’ म्हटलं तर मशीन डुगडुगतंय असं वाटतं. ‘बदलती’ लिहा.

टेस्टिंगचा शब्द रानातच आहे. ज्वारी पोटरीत येते, निसवते, चिकात येते, मग हुरड्यात. अनस्टेबलमधलं पॅकेज साधारण दोन ते दहा दिवस थांबतं. नवी गंभीर चूक निघाली नाही तर टेस्टिंगमध्ये उतरतं. हा हुरडा. भाजून खावा, कणगीत भरू नये. पुस्तिकेत मात्र ‘चाचणी शाखा’च लिहा, नाहीतर सर वही भिरकावतील.

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला एक टोपणनाव असतं, त्या नावांचं भाषांतर अजिबात नको. बुकवर्म आधी टेस्टिंग होती, जून २०२३ मध्ये स्टेबल झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी आल्यावर ओल्डस्टेबल, म्हणजे मागची स्टेबल. सून, सासू, आजेसासू. बाई तीच, मान बदलला. ही नावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतल्या पात्रांची. त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा सिड हे अनस्टेबलचं कायमचं नाव. डेबियनमध्ये तो काही मोठा होत नाही.

आणि हो, पुस्तिकेत फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम येणार असेल तर ‘स्थिर’ तिकडे नेऊ नका. तिथे गोठवलेली असते ती रिलीज, सगळ्यांत पुढे धावते ती करंट, आणि स्टेबल ही दोन्हींच्या मधली, चालती शाखा. जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत राहावेत, एवढ्यापुरतीच ती स्थिर. तिथे मूळ शब्द देवनागरीत ठेवा आणि शेजारी एक ओळ खुलासा द्या.