गाडी थांबत नाही, म्हणून हसू येतं

प्रिय लेखकमित्रा,

तुझ्या विनोदी पटकथेचा खर्डा वाचला. गाड्या धुण्याची जागा, बारा कामगार, एक दिवस, ही निवड उत्तम. पण पहिल्या १० पानांत बाराही जणांची ओळख उरकल्यामुळे विसाव्या पानावर कोण कोणता हेच आठवत नाही. सुरुवातीला तिघे-चौघेच बोलू देत, बाकीचे मागे राबताना दिसू देत. ओळखही नावाने नको, हातातल्या कामाने व्हावी. एक साबण मारतो, एक चाकं घासतो, एक बाहेर आलेली गाडी फडक्याने पुसतो. गाडी याच क्रमाने सरकते, त्यामुळे कॅमेऱ्यालाही एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला आयती वाट मिळते.

आता मोठ्या कागदावर तक्ता आख. डावीकडे तास, वर पात्रं. १०० पानं तासांवर सारखी वाटू नकोस, नाहीतर दुपार रेंगाळेल. सकाळच्या पहिल्या तासाला १५ पानं चालतील, जेवणानंतरचे दोन तास ६ पानांत उरक. प्रत्येकाची गरज एकच, आणि ती आजच भागायला हवी: कुणाला उचल हवी, कुणाला लवकर सुटायचंय. एखाद्याचा रकाना २० पानं रिकामा दिसला, तर प्रेक्षक त्याला विसरला असं समज.

सगळ्यात खटकलं ते हे, की तुझी माणसं विनोद करायला काम थांबवतात. हात चालूच राहिले पाहिजेत. मागून पुढची गाडी येतेच, म्हणून वाक्य अर्ध्यात तुटतं, उत्तर भलताच देतो आणि तिथे हसू फुटतं. ग्राहकाने निदान दोन कामगारांचा दिवस बिघडवला पाहिजे. नसेल, तर तो प्रसंग काढ.

दिग्दर्शक मायकल शुल्ट्झचा १९७६ सालचा ‘कार वॉश’ हा सिनेमा बघ. लॉस एंजेलिसमधला असाच एक दिवस आहे, आणि सुट्या प्रसंगांना दिवसभर वाजणारा रेडिओ बांधून ठेवतो. शेवटी कामावरून काढलेला अब्दुल्ला बंदूक घेऊन परततो आणि त्याचा सहकारी लॉनी त्याला सावरतो. विनोदी सिनेमात हे पचतं, कारण लॉनीची ओढाताण आणि अब्दुल्लाची धुमस आधीपासून थोडी थोडी दिसत आलेली असते. तुझ्या खर्ड्यातलं शेवटचं भांडण मात्र अचानक उपटतं. साधारण १५, ३५, ५५ आणि ७५ व्या पानावर त्याची चाहूल पेर, आणि आधी तक्ताच पाठव.